अस्वलं, विळे आणि कापलेली बट: वयात येण्याच्या ग्रीक विधींबद्दल तुमचे प्रश्न

मुलगा पुरुष कधी झाला, मुलगी लग्नाची कधी झाली, हे प्राचीन ग्रीसमध्ये कोण आणि कसं ठरवत असे, हे मी गेल्या खेपेला लिहिलं होतं. त्या विधींचं मूळ कुठे शोधायचं यावर अभ्यासक शंभराहून जास्त वर्षं वाद घालत आहेत, हेही त्यात आलं होतं. पत्रं भरपूर आली. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये असं आपण म्हणतो, पण बहुतेकांनी नेमकं मूळच विचारलं आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते.

प्रश्न : व्हान जेनेप यांचे तीन टप्पे आम्हाला समाजशास्त्रात आहेत. पण ग्रीकांनी स्वतः असं काही लिहून ठेवलं आहे का? की आपणच ते त्यांच्यावर बसवतो? (पदवीची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

लिहून ठेवलेलं नाही. या सगळ्या विधींना मिळून एक शब्दसुद्धा त्यांच्याकडे नव्हता. अथेन्समध्ये मुलाचं नाव बिरादरीत नोंदवत, ब्राव्रोनला मुली ‘अस्वल’ होत, स्पार्टात मुलं देवीच्या वेदीवरचं चीज पळवत. प्रत्येक विधीचं नाव वेगळं, देव वेगळा, महिना वेगळा. हे सगळे एकाच जातीचे विधी आहेत, ही ओळख विसाव्या शतकातली आहे.

१९०९ साली आर्नॉल्ड व्हान जेनेप यांनी जगभरच्या विधींमधला क्रम दाखवला: आधी माणसाला वेगळं काढायचं, मग काही काळ उंबरठ्यावर ठेवायचं, मग नव्या नात्यानं आत घ्यायचं. त्याच लाटेत, १९१२ मध्ये, केंब्रिजच्या जेन हॅरिसन यांनी वयात येण्याच्या विधीला ग्रीक धर्माच्या केंद्रस्थानी आणून बसवलं. त्यांचा मुख्य पुरावा होता एक फुटका दगड. क्रीट बेटाच्या पूर्व टोकाला पालैकास्त्रो इथे १९०४ मध्ये तो तुकड्यांत सापडला. त्याच्या दोन्ही बाजूंना एकच स्तोत्र कोरलेलं आहे. दिक्ते पर्वताच्या झ्यूसला त्यात ‘सर्वांत थोर कुमारा’ अशी हाक आहे. सगळ्या जगाचा बाप असलेला झ्यूस इथे कोवळा तरुण आहे, आणि भक्त त्याला उडी घ्यायला सांगतात: आमच्या कळपांसाठी, पिकांसाठी, नगरांसाठी, समुद्रावर फिरणाऱ्या जहाजांसाठी, नव्या नागरिकांसाठी. या ‘नव्या नागरिकां’वर हॅरिसनबाईंनी बोट ठेवलं. हा नाच म्हणजे वयात आलेल्या मुलांना जमातीत घेण्याचा विधी, आणि तो तरुण देव म्हणजे त्या मुलांचीच सावली, असं त्यांनी मांडलं. मला आजही ती पानं वाचताना थरारायला होतं.

आता त्याच दगडाकडे वयाच्या हिशेबानं बघ. त्यावरची अक्षरं इ.स. तिसऱ्या शतकातली आहेत. स्तोत्राची रचना त्याआधी पाच-सहाशे वर्षांची. आणि ‘दिक्तेचा झ्यूस’ हे नाव क्रीटमधल्या क्नोसॉसच्या राजवाड्यात मिळालेल्या, लिनियर बी या सर्वांत जुन्या ग्रीक लिपीतल्या मातीच्या पाट्यांवर येतं, म्हणजे इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकाच्या आसपास. नाव ब्राँझयुगातलं, कविता सिकंदराच्या आगेमागची, दगड रोमन काळातला. मग या विधीचं ‘मूळ’ यातल्या कुठल्या थरात मानायचं? नाव टिकलं म्हणून विधी टिकला असं धरता येत नाही, कारण पाटीवर फक्त देवाच्या नावानं पाठवलेल्या तेलाची नोंद आहे. तिथे नाच नाही, मुलं नाहीत.

हॅरिसन यांच्यानंतर फ्रान्समध्ये आंरी जानमेर यांनी १९३९ साली आफ्रिकेतल्या दीक्षाविधींशी तुलना करून हा धागा पुढे नेला. १९६९ मध्ये इटलीत आन्जेलो ब्रेलिक यांनी सगळा पुरावा एकत्र करून म्हटलं की ऐतिहासिक काळात दिसतात ते जुन्या जमातींच्या विधींचे अवशेष आहेत. या परंपरेची एक काळी शाखाही आहे. १९३०च्या दशकात जर्मनीत ‘पुरुषमंडळां’च्या आदिम आर्य संघटनेची कल्पना फोफावली आणि ओटो हॉफ्लरसारख्या अभ्यासकांनी ती नाझी राजवटीच्या दावणीला बांधली. मूळ शोधणं हा निरुपद्रवी छंद असतोच असं नाही, हे तू समाजशास्त्र शिकतेस म्हणून मुद्दाम सांगते.

प्रश्न : अथेन्सची प्रत्येक मुलगी ब्राव्रोनला जाऊन ‘अस्वल’ होत होती का? माझी मुलगी आठ वर्षांची आहे. ते वाचल्यापासून सारखी विचारते आहे. (ठाणे)

तुमच्या मुलीचं वय अगदी बरोबर आहे! प्राचीन टीकाकार सांगतात की अस्वल होणारी मुलगी पाचाहून लहान नसावी आणि दहाहून मोठी नसावी.

गोष्ट अशी. आर्तेमिस देवीच्या आवारात एक माणसाळलेली अस्वलीण होती. एका मुलीनं तिची खोडी काढली, अस्वलिणीनं तिला ओरबाडलं, मुलीच्या भावांनी अस्वलिणीला मारलं. मग रोगराई आली. कौल लावला तेव्हा देवीनं सांगितलं की दंड म्हणून तुमच्या मुलींनी लग्नाआधी माझ्यासाठी अस्वल व्हावं.

ब्राव्रोन अथेन्सच्या पूर्वेला, समुद्राजवळच्या दलदलीत आहे. १९४८ पासून योआनिस पापादिमित्रियू यांनी तिथे खोदकाम केलं. तिथल्या संग्रहालयात संगमरवराच्या लहान मुली आहेत, इ.स.पू. चौथ्या शतकातल्या. एकीच्या ओच्यात ससा आहे, तो तिनं दोन्ही हातांनी धरला आहे. गाल गुबगुबीत, केस मागे बांधलेले, ओठांवर हसू येईल-न येईल असं. मी तिच्यापुढे बराच वेळ उभी होते. शेजारच्या कपाटात तळहातावर मावतील अशी मातीची भांडी ठेवली आहेत. त्यांवर काळ्या रंगात, जरा घाईनं काढल्यासारख्या, आखूड कपड्यांतल्या मुली पळताना दिसतात. पुढे वेदी, मागे खजुराचं झाड. देवीला वाहण्यासाठी स्वस्तात केलेली भांडी असावीत ती. अशीच भांडी अथेन्सच्या अक्रोपोलिसवर आणि बंदराजवळच्या मुनिखियालाही सापडली आहेत.

आता तुमचा प्रश्न. इ.स.पू. ४११ मध्ये अ‍ॅरिस्टोफेनिसच्या नाटकात अथेन्सच्या बायका अभिमानानं सांगतात: मी सात वर्षांची असताना देवीची ‘आरेफोरोस’, म्हणजे तिच्या सेवेतली मुलगी, होते, दहाव्या वर्षी देवीसाठी धान्य दळलं, मग केशरी वस्त्र टाकून अस्वल झाले, आणि पुढे सुकलेल्या अंजिरांची माळ घालून मिरवणुकीत टोपली वाहिली. ब्रेलिक यांना यात जिन्याच्या पायऱ्यांसारखी जुनी वयोगटांची रचना दिसली. पण आरेफोरोस म्हणून दरवर्षी निवडल्या जात फक्त दोन किंवा चार मुली, त्याही घरंदाज. म्हणजे नाटकातली बाई स्वतःच्या मानाच्या गोष्टी मोजते आहे. सगळ्या मुलींचा अभ्यासक्रम सांगत नाही. ब्रेलिक यांचं यावर उत्तर असं की पूर्वी सगळ्या जात असतील, पुढे थोड्या मुलींनी सगळ्यांच्या वतीनं जायची पद्धत पडली असेल. ते शक्य आहे. पण अशा उत्तराची अडचण ही की ते कधीच खोटं ठरू शकत नाही. सगळ्या मुली गेल्या तर तो विधी जिवंत म्हणायचा आणि चारच गेल्या तर तो अवशेष. दोन्हीकडून सिद्धांत बरोबरच.

अस्वल होण्यापुरतं मात्र मी वेगळं मत धरते. क्रिस्टियान सूर्विनू-इनवुड यांनी भांड्यांवरच्या मुलींच्या अंगकाठीवरून त्यांची वयं ताडून पाहिली आणि पाच ते दहा हा प्राचीन आकडा त्यांना पटण्यासारखा वाटला. ब्राव्रोनचा मोठा उत्सव दर चार वर्षांनी होई. पाच ते दहा या वयात प्रत्येक मुलीच्या वाट्याला तो निदान एकदा येतोच. सगळ्या मुली तिथे मुक्कामाला राहिल्या नसतील. तेवढी जागाच नाही. पण उत्सवाच्या दिवशी धावायला, एक स्वस्त भांडं वाहायला आणि घरी परत यायला फार श्रीमंती लागत नाही. म्हणून मुलीला सांगा: बहुतेक जणी एकदा तरी अस्वल झाल्या असाव्यात, थोड्या जणी जास्त दिवस.

प्रश्न : मी फौजेतून निवृत्त झालो. स्पार्टाच्या मुलांचं खडतर प्रशिक्षण आणि वेदीपुढचे फटके ही डोरियन टोळ्यांची मूळ रीत, हे आम्ही ऐकत आलो. ती किती जुनी? (सातारा)

सुभेदारसाहेब, आपल्या पत्रात शिस्तीबद्दल जे लिहिलंत ते मन लावून वाचलं. उत्तर आपल्याला थोडं खटकेल.

एव्रोतास नदीच्या काठी आर्तेमिस ऑर्थियाचं ठाणं आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी १९०६ ते १९१० मध्ये ते खणलं. ठाणं खरोखर जुनं आहे: शिशाच्या लाखाहून जास्त चिमुकल्या मूर्ती निघाल्या, इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातले मातीचे मुखवटे निघाले. काही मुखवटे तरुणांचे, काही सुरकुतलेल्या भेसूर म्हाताऱ्यांचे. त्या मुखवट्यांमागे मुलांचा काही विधी असेल, असं मलाही वाटतं.

पण फटक्यांचं काय? झेनोफन स्पार्टात राहिलेला माणूस, इ.स.पू. चौथ्या शतकातला. तो सांगतो की ऑर्थियाच्या वेदीवरून जास्तीत जास्त चीज पळवायचं आणि इतरांनी पळवणाऱ्यांना चाबकानं मारायचं. हा खेळ आहे, चपळाईचा. यात जिंकता येतं. चारशे-पाचशे वर्षांनी, रोमन काळात, प्लुटार्क हा ग्रीक लेखक लिहितो तेव्हा चीज गेलेलं आहे. मुलगा वेदीपाशी नुसता उभा राहतो आणि मार खातो. त्या वेदीवर कित्येकांना मरताना आपण स्वतः पाहिलं आहे, असं प्लुटार्क म्हणतो. इ.स. तिसऱ्या शतकात तर देवळासमोर प्रेक्षकांसाठी पायऱ्यांचं नाट्यगृह बांधलं गेलं. रोमन साम्राज्यातले प्रवासी ‘खरा स्पार्टा’ बघायला येऊन बसत.

मधल्या काळात प्रशिक्षण दोनदा तुटलं होतं. इ.स.पू. तिसऱ्या शतकात ते ढासळलं होतं तेव्हा तिसऱ्या क्लेओमेनिस राजानं ते पुन्हा उभं केलं, आणि त्यात त्याला मदत केली स्फायरोस नावाच्या स्टोइक तत्त्वज्ञानं. नंतर इ.स.पू. १८८ मध्ये फिलोपोइमेन या ग्रीक सेनापतीनं स्पार्टाचा पाडाव करून ते बंदच केलं. ते परत सुरू झालं रोमन अमलाच्या सुमाराला. नायजेल केनेल यांनी १९९५ मध्ये हे सगळं तपासून दाखवलं की प्लुटार्कमध्ये आपण वाचतो त्या व्यवस्थेचा मोठा भाग या नव्या बांधणीतला आहे.

मला सर्वांत बोलका वाटतो तो विळ्यांचा पुरावा. ऑर्थियाच्या स्पर्धांत जिंकलेल्या मुलाला बक्षीस म्हणून लोखंडी विळा मिळे. तो विळा दगडी पाटीत खाच कोरून बसवायचा, खाली नाव लिहायचं आणि देवीला वाहायचा. बहुतेक विळे गंजून गेले; खाच मात्र जशीच्या तशी, विळ्याच्या वाकणासकट. इ.स. दुसऱ्या शतकातल्या काही पाट्यांवरची भाषा पाहिली की लक्षात येतं की लिहिणाऱ्यानं मुद्दाम जुनी लाकोनियन बोली वापरली आहे, शब्दाच्या शेवटी ‘स’च्या जागी ‘र’ घालून. त्या काळी एरवीच्या कागदपत्रांत कोणी तसं लिहीत नव्हतं. जुनं दिसावं म्हणून केलेली ती खटपट आहे. स्पार्टाची मुलं शूर नव्हती असं मी म्हणत नाही. मार खाणाऱ्याचं दुखणं खरंच असतं, रीत नवी असो की जुनी. पण तो विधी डोरियन टोळ्यांच्या काळापासून अखंड चालत आला, हे चित्र स्वतः स्पार्टानंच रंगवलेलं आहे.

प्रश्न : क्रीटच्या मिनोअन संस्कृतीत या विधींचं मूळ सापडलं, असं कुठेतरी वाचलं. ते खरं मानायचं का? (दुबई)

मिनोअन म्हणजे क्रीटची ब्राँझयुगातली, ग्रीकांच्या आधीची संस्कृती. निम्मं खरं मानता येतं, आणि तेवढंसुद्धा फार आहे.

दाव्याची सुरुवात होते इ.स.पू. चौथ्या शतकातल्या एफोरोस या इतिहासकारापासून. त्याचा मजकूर स्ट्राबोच्या भूगोलात टिकला आहे. तो सांगतो: क्रीटमध्ये प्रौढ पुरुष एखाद्या कुमाराला ‘पळवून’ नेतो, पण तीन-चार दिवस आधी मुलाच्या लोकांना कळवून. दोन महिने रानात शिकार आणि मेजवान्या होतात. परत येताना मुलाला तीन ठरावीक भेटी मिळतात: लढवय्याचा पोशाख, बैल आणि प्याला. बैल झ्यूसला बळी देतात. या नात्यात शारीरिक संबंधही असे. आज आपण त्याला शोषण म्हणू, आणि ते म्हणायला मी कचरत नाही.

१९८६ मध्ये रॉबर्ट कोल यांनी ही हकिकत एका प्याल्याशी जोडली. आयिया त्रियादाचा तो दगडी प्याला इ.स.पू. सोळाव्या-पंधराव्या शतकातला, वीतभरही उंच नाही. त्यावर लांब केसांचा एक तरुण हातात दंड घेऊन ताठ उभा आहे, समोर दुसरा तलवार घेऊन. मागच्या बाजूला तिघे जण मोठाली कातडी वाहून आणताहेत. पूर्वी हा सरदार आणि त्याचा अधिकारी मानला जाई. कोल म्हणाले, कातडी म्हणजे बैल, तलवार म्हणजे लढवय्याचा साज आणि प्याला म्हणजे हा प्यालाच. कल्पना देखणी आहे. पण प्याला आणि एफोरोस यांच्यात हजाराहून जास्त वर्षांचं अंतर आहे, मधे राजवाडे जळले, लिपी विसरली गेली, भाषा बदलली. नुसत्या या जोडीवर भिस्त ठेवली तर तो बादरायण संबंध होईल.

निम्मं खरं म्हणते ते दुसऱ्याच जागेमुळे. दिक्ते पर्वताच्या दक्षिण उतारावर, हजार मीटरहून उंच, कातो सिमी नावाचं ठाणं आहे. अंगेलिकी लेबेसी यांनी १९७२ पासून तिथे उत्खनन केलं. मिनोअन काळापासून रोमन काळापर्यंत तिथे पूजा चालू राहिली. पुढे ती हर्मिस आणि आफ्रोदिती यांच्या नावानं. खालच्या थरांत दगडी आणि मातीचे प्याले, वरच्या थरात इ.स.पू. सातव्या शतकातले ब्राँझचे पत्रे. त्या पत्र्यांवर केस वाढवलेले तरुण रानबोकड खांद्यावर घेऊन येताना दिसतात, कुठे दाढीवाला शिकारी एका कुमारासमोर उभा आहे. प्याला, शिकार, प्रौढ आणि कुमार: एफोरोसच्या हकिकतीतले हे घटक त्याच्या आधी तीनशे वर्षं, त्याच बेटावर, एका ठाण्यावर दिसतात. हा ठोस पुरावा आहे. त्याच्याही खाली, मिनोअन थरात, तोच विधी होता का? जागा तीच आणि प्याले तेच, इतकंच म्हणता येतं.

ब्रिटिश अभ्यासक केनेथ डोव्हर यांनी उलटा आक्षेप घेतला होता: होमर आणि हेसिओड अशा नात्यांबद्दल उघड काहीच बोलत नाहीत, मग ती आदिम काळापासूनची कशी? मौनावरून अनुमान काढणं धोक्याचं असतं, पण त्यांच्या प्रश्नामुळे ‘इंडो-युरोपीय काळापासून’ असं सहज म्हणण्याची सवय थोडी कमी झाली, ते बरंच झालं.

सांतोरिनीच्या आक्रोतिरीतली भित्तिचित्रं तुम्ही पाहिली असतील: निळसर रंगवलेल्या तासलेल्या डोक्यांच्या, मधे एकच बट सोडलेल्या लहान मुली, आणि केशर वेचणाऱ्या थोड्या मोठ्या मुली. केसांच्या ठेवणीवरून वय दाखवलं आहे, हे बहुतेकांना मान्य आहे. केशरी वस्त्र टाकणाऱ्या ब्राव्रोनच्या अस्वलांशी त्यांचं नातं जोडायचा मोह मलाही होतो. आवरते.

प्रश्न : अथेन्सची एफेबिया म्हणजे सक्तीची लष्करी भरती की जुना विधी? (कायद्याचा विद्यार्थी, नागपूर)

एफेबिया म्हणजे अथेन्सच्या तरुणांचं, ‘एफेबां’चं, दोन वर्षांचं प्रशिक्षण. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेला अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरचा ग्रंथ इजिप्तमधल्या पपायरसावर मिळाला आणि १८९१ मध्ये छापला गेला. त्यात व्यवस्था स्पष्ट दिली आहे: अठराव्या वर्षी नावनोंदणी, पहिलं वर्ष बंदराजवळच्या छावण्यांत, मग लोकांपुढे ढाल आणि भाला देणं, दुसरं वर्ष सीमेवर गस्त. जर्मन अभ्यासक विलामोवित्स यांनी दोनच वर्षांत निकाल दिला की ही इ.स.पू. ३३८ मध्ये खायरोनियाला मॅसेडोनियाकडून झालेल्या पराभवानंतरची नवी योजना आहे. एफेबांचे शिलालेख ३३४-३३३ पासूनच मिळतात, हे त्यांच्या बाजूनं. उलट, वक्ता आयस्खिनिस सांगतो की तरुणपणी, म्हणजे त्याच्या किती तरी आधी, आपण दोन वर्षं सीमेवर गस्त घातली.

पिएर विदाल-नाके यांनी १९६८ मध्ये यात सीमेवरचा, अंधारातला, कपटानं लढणारा ‘काळा शिकारी’ पाहिला: नागरिक होण्याआधी मुलगा काही काळ नागरिकाच्या उलटं वागतो. हे वाचताना फार पटतं. पण त्याच ग्रंथात एफेबांना काय शिकवत ते दिलं आहे: जड शस्त्रांनी लढणं, धनुष्य, भाला आणि गोफणयंत्र (बाण किंवा दगड फेकणारं यंत्र). गोफणयंत्राचा जन्म इ.स.पू. ३९९च्या सुमारास सिराक्यूजमधला. आदिम जमातीच्या वारशात ते बसत नाही.

तू कायदा शिकतोस, म्हणून शपथ वाच. १९३२ मध्ये आखार्नाय इथे ती दगडावर कोरलेली मिळाली. शेजारच्या सैनिकाला सोडणार नाही, देश मिळाला त्याहून लहान करून देणार नाही, प्रस्थापित कायद्यांचं पालन करीन. आणि साक्षीला देव तर आहेतच, पण शेवटी देशाच्या सीमा, गहू, जव, द्राक्षवेली, ऑलिव्ह आणि अंजीर. कायद्याच्या भाषेत एवढी जुनी माती मी दुसरीकडे वाचलेली नाही. माझं मत: शपथ जुनी, छावणी नवी.

प्रश्न : एल्युसिसची रहस्यंही यातच येतात का? (मडगाव)

नाही. एल्युसिस हे अथेन्सजवळचं गाव, तिथे देमेतेर देवीचे गुप्त विधी होत. एल्युसिसला म्हातारे, बायका, परगावचे, गुलामसुद्धा जात. वयाशी संबंध नव्हता. युरोपीय भाषांत दोन्हींना एकच शब्द (इंग्रजीत ‘इनिशिएशन’) पडल्यामुळे गोंधळ वाढला. मराठीत आपण संस्कार आणि दीक्षा असे दोन शब्द वापरतो. तेच इथेही वापरावेत.

प्रश्न : नुकतीच नातवाची मुंज झाली. ग्रीक मुलांचेही केस कापत असं तुम्ही लिहिलंत. आर्यांच्या मूळ घरातली ही एकच रीत असेल का? (निवृत्त शिक्षिका, नाशिक)

बाई, तुमच्या प्रश्नात खरंखोटं दोन्ही विणलेलं आहे, म्हणून सावकाश सोडवू या.

भाषेचं नातं पक्कं आहे. अथेन्सच्या मुलाला ज्या बिरादरीत घेत तिला ‘फ्रात्रिया’ म्हणत. हा शब्द, आपला ‘भ्रातृ’ आणि फारसीतून आलेली आपली ‘बिरादरी’ ही तिन्ही एकाच धातूची लेकरं. गंमत अशी की ग्रीकमध्ये या शब्दाचा ‘सख्खा भाऊ’ हा अर्थच गेला, फक्त बिरादरीतला माणूस उरला. भावासाठी त्यांनी दुसरा शब्द घेतला, ‘अदेल्फोस’, म्हणजे ‘एकाच गर्भातला’. संस्कृतातल्या ‘सगर्भ्य’चा तो सख्खा जुळा. या बिरादरीच्या तीन दिवसांच्या सणाचं नाव अपातूरिया. ‘समान पिते असलेल्यांचा’ असा त्याचा अर्थ आज लावतात. तिसऱ्या दिवसाचं नाव कुरेओतिस, आणि त्या दिवशी मुलाच्या वतीनं ‘कुरेयोन’ नावाचा बळी दिला जाई; या नावाचा संबंध केस कापण्याशी लावतात. देकेलिया इथल्या इ.स.पू. ३९६-३९५च्या शिलालेखात पुजाऱ्याचा वाटासुद्धा दिला आहे: एक मांडी, एक बरगडी, एक कान, वर पोळी, थोडी वाइन आणि एक द्राख्मा. बापानं शपथ घ्यायची की हा माझा लग्नाच्या बायकोपासूनचा मुलगा.

या सणाचं वय सांगता येतं, तेही तर्कानं. हिरोडोटस म्हणतो की अथेन्सहून निघालेले आणि अपातूरिया पाळणारे ते आयोनियन, म्हणजे एजियनच्या पूर्व काठावर वसलेले ग्रीक. अपवाद फक्त एफेसस आणि कोलोफोन. एजियन समुद्राच्या दोन्ही काठांवर सण एक, अनेक गावांत त्यावरून महिन्याचं नावही एक. तेव्हा लोक पलीकडे गेले त्याआधीपासून तो असावा. शितावरून भाताची परीक्षा करायची तर असं शित हवं.

पण ‘त्याहून मागे’ जायचं तर शब्द पुरत नाहीत. भ्रातृ शब्द शाबूत राहून अर्थ बदलला, तसं विधीचंही होऊ शकतं. आणि केस कापणं हे आर्यभाषकांपुरतं नाही. मुसलमानांच्या अकिक्यात बाळाचे केस काढतात, जगाच्या पाठीवर आणखी कितीतरी ठिकाणी काढतात. केस वाढतात, कापले तर दुखत नाहीत, आणि कापल्यावर माणूस वेगळा दिसतो. कुठल्याही समाजाला हे आपलं आपण सुचू शकतं. अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडातले व्रात्य (गावाबाहेर हिंडणारे व्रतस्थ) आणि स्पार्टाचे रानात हिंडणारे तरुण यांचं एक मूळ मानणारे गंभीर अभ्यासक आहेत. मी तो विचार बाजूला टाकत नाही, पण तुमच्या नातवाच्या मुंजीला त्याचा आधार देणार नाही.

ग्रीक मुलांचे केस जात कुठे, ते मात्र सांगते. डेलोस बेटावर लग्नाआधी मुली एक बट कापून चातीला गुंडाळत आणि आर्तेमिसच्या आवारातल्या दोन परदेशी कुमारींच्या कबरीवर ठेवत. मुलगे आपले केस हिरव्या कोंबाला गुंडाळत. कबरीवर एक ऑलिव्हचं झाड होतं, असं हिरोडोटस सांगतो. अभ्यासकांनी ओळखलेली ती कबर ब्राँझयुगातली आहे. तिच्यावरचा विधी किती जुना, ते वेगळं.

सर्वांत जुना उल्लेख इलियडच्या तेविसाव्या सर्गात आहे. अकिलिसच्या बापानं नवस केला होता की मुलगा ट्रॉयहून परत आला की त्याचे वाढवलेले केस स्पेर्खियोस नदीला वाहीन आणि तिच्या उगमापाशी पन्नास मेंढे बळी देईन. पात्रोक्लोसची चिता रचलेली आहे. अकिलिस जरा बाजूला जातो, केस कापतो, समुद्राकडे बघून नदीशी बोलतो की मी आता घरी येणार नाही, आणि ती बट मेलेल्या मित्राच्या हातात ठेवतो. भोवतीचे सगळे रडू लागतात. केस नदीला का वाहायचे हे होमर समजावून सांगत नाही. ऐकणाऱ्यांना ते ठाऊक होतं.